खाली मान घातलेला कॅमेरा

भाऊजी, तुमची वही मी उघडली होती. तुम्हाला न विचारता, तुम्ही आंघोळीला गेलेले असताना, स्वयंपाकाच्या हातानं. कॅमेऱ्याच्या लेन्सचं चित्र आहे त्या पानावर जे पिवळं बोट उमटलं आहे, ते माझं. हे तुम्हाला ठाऊक होतं, अमरावतीच्या रश्मीला ठाऊक आहे, पेटंट ऑफिसातल्या साहेबांनाही ठाऊक आहे. पण माझ्या हातानं मी हे कुठं लिहून दिलेलं नाही. म्हणून सुरुवात इथूनच करते.

तेव्हा मी तरुण होते. एकोणसाठ वर्षांची. नात बालवाडीत जायची, आणि माझी अक्कल तिच्याच बाकावर बसायची.

आपल्या समाजाच्या मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा अकोल्यात भरायचा होता. त्याची पुस्तिका छापायला जाणार होती. तुम्ही पन्नाशीला टेकलेले, बिनलग्नाचे, आणि वीस वर्षं मी आणलेली प्रत्येक मुलगी 'चांगली हाय, दुसऱ्या कोणाले सांगा' म्हणून परत पाठवणारे. मी ठरवलं, या खेपेला विचारायचंच नाही. फॉर्म आणला. वय पंचेचाळीस लिहिलं. उंची दोन इंच वाढवली. अपेक्षा या रकान्यात 'काही नाहीत' लिहिलं, कारण तेवढं एकच माझ्याच्यानं खरं लिहवलं.

अडलं ते व्यवसायापाशी. 'कॅमेरा दुरुस्तीचे दुकान' असं लिहिलं आणि बघत बसले. मागच्या वर्षीची पुस्तिका शेजारी उघडी होती. तिच्यात इंजिनियर होते, बँकेतले होते, एक तर 'शेती बारा एकर, सर्व ओलीत' होता. त्या ओलिताशेजारी तुमचं दुकान अगदीच कोरडवाहू वाटलं मला. खाली 'विशेष माहिती' साठी अर्धं पान मोकळं होतं. तिथं मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मुलगा संशोधक आहे.' लिहिलं म्हटल्यावर पुरावा द्यायला हवा. म्हणून वही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तुम्हाला कंटाळा आला तरी ऐका. तेल्हाऱ्याच्या त्या लग्नात फोटोग्राफर नवरीच्या पायातल्या जोडव्यांचा फोटो काढायला वाकला, तशी त्याच्या कॅमेऱ्याची लांब लेन्स स्वतःच्या वजनानं सर्रकन पुढं घसरली आणि नवरीच्या अंगठ्यावर बसली. नवरी कळवळली, वरमाय फोटोग्राफरवर धावून गेली, आणि तुम्ही पंगत सोडून त्याच्या गळ्यातला कॅमेरा हातात घेऊन वर-खाली करत उभे. तुमचे दादा म्हणाले, 'गजा, जेव.' तुम्ही म्हणालात, 'दादा, हे सगळ्यायचंच घसरते. लेन्स जुनी झाली का घसरते.' त्या दिवशीची जिलबी तुमच्या वाट्याची मी खाल्ली, हीसुद्धा कबुली यात धरा.

त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही त्या एका घसरण्यावर बसलात. शेवटी निघालं ते इतकंसं. लेन्सच्या नळीत एक तिरपी खाच, खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी. खाच एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. कॅमेरा गळ्यात लटकला, त्याचं तोंड जमिनीकडे झालं, की गोळी गडगडत अरुंद टोकाला जाऊन अडकते आणि लेन्स जागच्या जागी धरते. कॅमेरा उचलला की गोळी मागं येते आणि लेन्स मोकळी. बटण नाही, स्प्रिंग नाही. मला दाखवताना तुम्ही म्हणाला होता, 'वहिनी, याच्यात बिघडाले काहीच नाई.' तुम्हाला तेव्हा माझी पूर्ण ओळख नव्हती.

तर ते चित्र मी फॉर्मवर उतरवलं. मी शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ब श्रेणीत पास झालेली आहे. पेन्सिलीला टोक काढलं आणि बघते तर वहीतला कॅमेरा तोंड खाली करून लटकलेला. मला ते काही बरं दिसेना. लग्नाच्या पुस्तकात, नवऱ्यामुलाच्या फोटोखाली, दहावीला नापास झाल्यासारखा मान घालून बसलेला कॅमेरा? मुलीकडचे काय म्हणतील? मी त्याचं तोंड वर केलं. छान आभाळाकडे बघणारा, उमेदीचा कॅमेरा काढला. खाच आणि गोळी मात्र वहीत जशी होती तशीच ठेवली. कॅमेरा फिरवला की खाचही फिरवायची असते, एवढं ब श्रेणीत शिकवत नाहीत. वरून छायाभेद दिला.

त्या जाहिरातीवर एकच फोन आला. शेंदूरजनाघाटचे एक बागाईतदार.

'ताई, पान एक्केचाळीसवर थे यंत्र हाय न, थे संत्रं तोडाचं हाय काय?'

'नाई जी, थे कॅमेऱ्याचं हाय.'

'असं काय. मले वाटलं वरून संत्रं पडते अन् खाली गोळा होते. मंग मुलगा काय करते?'

'तो संत्रं खाते,' म्हटलं आणि फोन ठेवला. पुस्तिका गव्हाच्या कोठीमागं टाकली. तुम्हाला पत्ता लागला नाही. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या वर्षी तुम्ही पेटंटचा अर्ज केलात. अमरावतीची रश्मी, पेटंटचंच काम करणारी वकील, माझ्या माहेरच्या गल्लीतली. तिची ओळख मीच काढून दिली, आणि ते मी चारचौघांत बरंच सांगत फिरले. दोनेक वर्षांनी तिचा फोन आला, तपासणीचा अहवाल आला आहे, येऊन जा. माहेरी चक्कर होईल म्हणून मीही निघाले.

रश्मीनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला. 'काका, अर्ज तपासताना परीक्षक आधी हे शोधतात की ही गोष्ट तुमच्या अगोदर जगात कुठे होती का. त्यांनी तीन कागद दाखवले आहेत. पहिले दोन परदेशी, त्यांचं उत्तर सोपं आहे. तिसरा...' ती थांबली. 'तिसरा मला नीट कळला नाही. वधू-वर परिचय पुस्तिका, पान एक्केचाळीस.'

मंडळानं ती पुस्तिका वेबसाइटवर टाकली होती, भाऊजी. अख्खी. पडद्यावर तुमचा फोटो आला, खाली माझं चित्र आलं, छायाभेदासकट. मी पदरानं तोंड पुसू लागले, घाम नसताना.

तुम्ही सगळं पान शांतपणे वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

'वहिनी, मी पंचेचाळीसचा कधी होतो?'

'आठ वर्सांपयले,' मी म्हटलं.

रश्मीनं समजावून सांगितलं. अर्ज करायच्या अगोदर एखादी गोष्ट छापून लोकांसमोर आली, तर ती नवी राहत नाही. घरच्याच माणसानं छापली तरी. नवी नाही तर पेटंट नाही. मग कोणीही तसली गोळी करून विकावी, तुम्हाला विचारायचं कारण नाही.

'पण बाई, थे पुस्तक कोणी वाचत नाई,' मी म्हणाले. 'पोरीचे बाप फक्त शेती अन् पगार पाह्यतात.'

'परीक्षकांनी वाचलं, काकू.'

परतीच्या एस.टी.त मला रडू आलं. मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांनी केलेल्या लेन्स उघडल्यात, बुरशी पुसलीत, परत बंद केल्यात. डिजिटल आलं, मग मोबाइल आला, तुमच्या रांगेतली दुकानं एकेक करून झेरॉक्सची झाली, तुम्ही हलला नाहीत. एवढ्या वर्षांत तुमचं म्हणावं असं एकच होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. ते मी लग्नाच्या बाजारात मांडून आले होते.

'भाऊजी, काही तरी बोला. शिव्या द्या पाह्यजे त.'

तुम्ही तिकिटाची घडी घालून खिशात ठेवलीत. 'उंची काहून वाढवली?'

दुसऱ्या खेपेला अमरावतीला तुम्ही एकटे गेलात. मी पिशवी भरून तयार बसले होते, तर म्हणालात, 'तुमी नका येऊ, गाडीले गर्दी हाय.' संध्याकाळी आलात ते उत्तराचा मसुदा घेऊन. इंग्रजीत होता. मी म्हटलं, मराठीत सांगा. तुम्ही टाळाटाळ केलीत, हातपाय धुतलेत, चहा घेतलात, मग भिंतीकडे बघत सांगितलंत: सदर आकृती तांत्रिक ज्ञान नसलेल्या व्यक्तीनं काढलेली असून मुळातच चुकीची आहे. तीवरून यंत्र बनवल्यास ते नेमकं उलटं काम करील. तोंड वर केल्यावर लेन्स अडकेल आणि खाली केल्यावर घसरेल. सबब, या आकृतीमुळे मूळ शोध लोकांना कळला, असं म्हणता येणार नाही.

'म्हणजे काय?'

'म्हणजे तुमचं चित्र चुकलं, वहिनी. त्याच्यानं आपण वाचू शकतो.'

शहाणी बाई असती तर देवापुढं साखर ठेवली असती. मी काय केलं? मी ब श्रेणीचं प्रमाणपत्र शोधायला ट्रंक उपसली. 'तांत्रिक ज्ञान नसलेली व्यक्ती' हे माझ्या इतकं जिव्हारी लागलं की तुमचं पेटंट, तुमची अकरा वर्षं, माझा गुन्हा, सगळं बाजूला राहिलं. मी म्हटलं, 'सरकारले असं लिहून देऊन राहिले तुमी? माह्याबद्दल?' तुम्ही म्हणालात, 'नाव नाई टाकलं न तुमचं.' मी म्हटलं, 'चित्राखाली माही सही हाय.' ती होती. कोपऱ्यात, लपेटीदार.

तुमचे दादा त्यांचं कानातलं यंत्र काढून ठेवून झोपायला गेले. तेवढीच अक्कल घरात शिल्लक होती.

आणि तुम्ही नुसतं लिहून थांबला नाहीत. आठ दिवस बसून माझ्या चित्राप्रमाणे हुबेहूब लेन्स तयार केलीत, सुनावणीत दाखवायला. ती मला आणून दाखवलीत. तोंड खाली केलंत, लेन्स सर्रकन सुटली. वर केलंत, जाम. हातानं ओढलीत तरी हलेना.

'लय बेस बसली,' तुम्ही म्हणालात. 'तुमच्यासारखीच हाय. जिथं थांबाचं तिथं थांबत नाई, अन् एकदा अडली का कोणाच्या बापाले आयकत नाई.'

सुनावणी रश्मीच्या ऑफिसातूनच झाली, पडद्यावर. गाडीला कितीही गर्दी असली तरी मी येणार, असं मी सांगून टाकलं होतं. साहेब हिंदी बोलणारे होते, गंभीर चेहऱ्याचे. रश्मीनं मुद्दे मांडले, तुम्ही दोन्ही लेन्स वर-खाली करून दाखवल्यात. साहेब म्हणाले, ठीक आहे, पण गोळीनं लेन्स अडवायची ही कल्पना तर चित्रात दिसतेच. जाणकार माणूस ते चित्र बघून चूक सुधारून घेऊ शकला असता. रश्मी कागद चाळू लागली. तुम्ही खाली बघायला लागलात. तसे तुम्ही खाली बघायला लागलात की मला राहवत नाही, तुम्ही सहावीत होता तेव्हापासून.

मी खुर्ची पुढं ओढली. 'साब, वो चित्र मैंने निकाला है।'

रश्मीनं माझा हात धरला. साहेब म्हणाले, 'आप कौन?'

'मैं इनकी भाभी। साब, किसी को कुछ नहीं समझा उस चित्र में। एक ही आदमी का फोन आया, वो पूछा, ये संत्रा तोडने का मशीन है क्या।'

'संतरा?'

'हां साब। उसको बगीचा है।'

साहेबांनी कॅमेरा बंद केला. पडदा काळा झाला. आपण तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. परत दिसले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि ते पाणी पीत होते. म्हणाले, मॅडम, हे लेखी निवेदनात घेता येणार नाही, पण मी ऐकलं आहे.

माझ्या चित्राविरुद्ध मी स्वतः साक्ष दिली, भाऊजी. बाईमाणूस अंगावरचे सोन्याचे डाग मोडायला काढून देते, तसं जिवावर येऊन मी ते सांगितलं. तुम्हाला वाटलं मी मजेत होते. मी मजेत नव्हते.

पेटंट मिळालं. तुम्ही पेढे आणलेत, पहिला माझ्यापुढं धरलात. मी म्हटलं, 'मले गोड चालत नाई,' आणि तुम्ही गेल्यावर दोन खाल्ले. प्रमाणपत्र फ्रेम करून दुकानात लावलंत. बघायला चला म्हणालात. मी पाय दुखतात म्हटलं. त्याच आठवड्यात मी चालत भाजीबाजार केला होता, तुम्ही बघितलं होतं.

मग एक दिवस तुम्ही जेवत असताना मी सरळ विचारलं. 'भाऊजी, खरं सांगा. माहं चित्र वाईट म्हनाच्या शिवाय दुसरा काही रस्ताच नव्हता काय?'

तुम्ही पिठलं वाढून घेतलंत. 'नव्हता, वहिनी.'

'त्या वकिलीणबाईले काहीच सुचलं नाई?'

'नाई सुचलं. भाकर हाय काय अजून?'

यावर आपण वर्षभर भांडलो. तुम्हाला मीठ कमी लागलं की मी म्हणायची, 'तांत्रिक ज्ञान नसलेल्या व्यक्तीनं केलं आहे.' तुम्ही अंगणातल्या माझ्या रांगोळीला वळसा घालून जायचात आणि फाटकातून विचारायचात, 'कमळ हाय का टेबलफॅन?' दिवाळीत मी मुद्दाम कॅमेरा काढला रांगोळीत. तुम्ही उकिडवे बसून पाच मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, 'संत्रं कुठं हाय?' शेजारच्या सूनबाई म्हणायच्या, तुमच्या घरी टीव्हीची गरज नाही.

पण हसता हसता मला ते टोचत होतं, ते सांगते आता. मला वाटायचं, तुम्ही मनातून मला माफ केलेलं नाही, आणि त्याचा सूड म्हणून सरकारदरबारी माझी फजिती कायमची नोंदवून ठेवली. मला तुम्हाला म्हणायचं होतं, 'पेटंट मिळालं, मले लय बरं वाटलं, छातीवरचा दगड उतरला.' दर वेळी तुम्ही काहीतरी खवचट बोलायचात आणि मी ते दुसऱ्या दिवसावर ढकलायची. दिवस आहेत असं वाटायचं. तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होता, भाऊजी. रांगेत मध्ये घुसायची सवय तुम्हाला नव्हती.

तुमचे दादा दुकानाची किल्ली सदऱ्याच्या खिशात घालून बसतात आणि दुकानात जात नाहीत. मी परवा गेले. फ्रेम बघितली. पेटंटच्या कागदावर तुमचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट, आणि वय कुठंच विचारलेलं नाही. टेबलावर एका गिऱ्हाइकाची लेन्स अर्धी उघडी होती. स्क्रू तुम्ही ओळीनं कागदाला चिकटवून ठेवलेत, कुठला कुठं बसतो ते शेजारी लिहून. गिऱ्हाईक आलं तर देऊन टाकीन, पण परत जोडून कोण देणार ते मला कळलं नाही. मी त्यावर फडकं झाकलं. मग तुमच्या खुर्चीवर बसून मोठ्यानं सांगितलं, 'मले लय बरं वाटलं होतं.' शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून विचारलं, 'काकू, काही पाह्यजे काय?' नाही म्हटलं.

काल रश्मी भेटायला आली. तेरावं झाल्यावर येते म्हणाली होती, तशी आली. चहा घेताना मी माझं तेच रडगाणं काढलं. म्हटलं, बाई, तू एवढी शिकलेली, माझं चित्र सोडून तुला दुसरं काहीच लिहिता आलं नाही?

तिनं कप खाली ठेवला. मग फाइलमधून एक कागद काढला. टाइप केलेला, सहीची जागा कोरी. म्हणाली, कायद्यात सोय आहे, काकू. तुमची गोष्ट कोणी तुम्हाला न विचारता उचलली आणि छापली, आणि ते तुम्हाला अर्ज करताना ठाऊक नव्हतं, तर ते तुमच्याविरुद्ध धरत नाहीत. तसं शपथेवर लिहून द्यायचं, म्हणजे सुनावणीपर्यंत जायचं कामच पडलं नसतं. अहवाल आला त्याच आठवड्यात मी हे तयार करून ठेवलं होतं. काका एकटे आले तेव्हा त्यांच्यापुढं ठेवलं, पेन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

मी विचारलं, काय म्हणाले?

रश्मी अमरावतीची, तिनं तुमच्याच सुरात सांगितलं: 'ते म्हणाले, माह्या वहिनीनं माह्या घरात चोरी केली, असं मी सरकारले लिहून देत नाई. पेटंट गेलं त जाऊ द्या. त्यायले चित्र काढता येत नाई, एवढंच लिहा. थे खरं हाय.'